लहानपणीचे व्हिडिओ गेम आज खरोखर खेळण्याजोगे उरले आहेत का?

दुसरा खेळाडू (मूळ प्रश्न):

गेले काही महिने मी लहानपणी खेळलेले व्हिडिओ गेम एकेक करून पुन्हा खेळत आहे. त्यातून एक शंका मनात आली आहे, ती इथल्या जाणकारांपुढे मांडतो. जुने गेम आठवणीत जितके चांगले असतात तितके प्रत्यक्षात नसतात, असे सरसकट म्हटले जाते. माझा अनुभव इतका सरळ नाही. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आजही हाती घेतला की खाली ठेववत नाही, आणि ‘टेट्रिस’बद्दल तर बोलायलाच नको. याउलट, एका पडद्याचे चार भाग करून चौघांनी तासन्‌तास खेळलेला १९९७ चा ‘गोल्डनआय’ आज फार वेळ सहन झाला नाही. चालायचे कसे आणि नेम धरायचा कसा याचाच मेळ बसेना, आणि समोर स्फोट झाला की चित्र अडखळू लागे. मारिओ त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी जुना असूनही टिकला आहे, तेव्हा नुसते वय हे कारण असू शकत नाही.

मला अधिक कोड्यात टाकले ते १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ने. त्यातला राजपुत्र बटण दाबताक्षणी हलत नाही. तो आधी अंग सावरतो, मग धावतो, आणि थांबताना दोन पावले पुढे जातो. असा जडपणा दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी खपवून घेतला नसता, पण इथे तो खटकला नाही. हे माझ्या आठवणींचे लाड आहेत, की त्या गेममध्येच काही आहे? जुना गेम टिकला आहे की नाही हे ठरवण्याची काही कसोटी आपण वापरता का? आणि जुने गेम आजच्या यंत्रावर चालवणाऱ्या इम्युलेटर या प्रोग्राममध्ये चुकलेली उडी मागे नेऊन पुन्हा मारण्याची जी सोय असते, ती वापरल्यावर आपण तोच गेम खेळलो असे म्हणता येईल का?


चौकोनी ढग:

वयाबद्दलचे आपले निरीक्षण पटले. गेम कोणत्या साली आला याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. तो आपल्या प्रकाराच्या वाटचालीत कुठल्या टप्प्यावर आला हे पाहावे लागते. ‘योशीज आयलंड’ आणि ‘क्रोनो ट्रिगर’ हे दोन्ही गेम १९९५ चे. सपाट, द्विमितीय गेम कसे करायचे याचा दहा वर्षांहून अधिक काळचा अनुभव तोवर त्या क्षेत्रात साचला होता आणि तो या दोन्हींच्या चित्रांत, वेगात आणि मांडणीत दिसतो. लगेच पुढच्या वर्षी ‘सुपर मारिओ ६४’ आणि ‘टूम्ब रेडर’ आले आणि सगळ्यांना त्रिमितीय जगात नव्याने रांगायला लागावे लागले. कॅमेरा कुठे ठेवायचा, खेळाडूने मान वळवायची कशी, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. म्हणून १९९५ चे कितीतरी गेम आज १९९७ च्या गेमपेक्षा तरुण वाटतात.

‘गोल्डनआय’चे दुखणे याच जातीचे आहे. तो ज्या यंत्रावर होता त्या निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरला एकच दांडी होती. डाव्या दांडीने चालायचे आणि उजव्या दांडीने पाहायचे, ही आज आपल्या बोटांत मुरलेली पद्धत ‘हेलो’ हा गेम २००१ मध्ये आल्यानंतर रूढ झाली. आपली बोटे त्या गेमकडे अशी गोष्ट मागतात, जी तो बनला तेव्हा प्रचारातच आलेली नव्हती.

आता राजपुत्राकडे वळू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. जॉर्डन मेकनर यांनी स्वतःच्या भावाला धावताना आणि उड्या मारताना चित्रित केले आणि त्या चित्रणावरून एकेक आकृती उतरवून राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या. त्यामुळे त्याच्या देहाला वजन आहे आणि ते वजन सावरायला वेळ लागतो. पण हा वेळ प्रत्येक वेळी तेवढाच असतो. सगळा महाल समान मापाच्या तुकड्यांनी बनलेला आहे. एक सावध पाऊल किती अंतर कापते, धावत मारलेली उडी किती तुकडे ओलांडते, हे एकदा डोक्यात बसले की पुढचा प्रत्येक खड्डा म्हणजे गणित होते, आणि ते सोडवायला साठ मिनिटांची एकूण मुदत असते. ‘टूम्ब रेडर’चेही असेच आहे. कडेला उभे राहायचे, एक उडी मागे मारायची, मग धावत येऊन उडी मारायची. हा क्रम पाळला की त्यातली नायिका लारा दर वेळी त्याच जागी पोहोचते. २०२४ मध्ये पहिल्या तीन भागांची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात आधुनिक पद्धतीचे नियंत्रणही देण्यात आले. मी ते लावून पाहिले आणि परत जुन्यावर आलो, कारण नव्या पद्धतीत चालणे मोकळे होते, पण मोजून उडी मारण्याचा जो आधार होता तो निसटतो.

म्हणून बटणाला मिळणारे उत्तर जलद आहे की संथ, याने मी गेम जोखत नाही. उत्तर दर वेळी सारखे आहे का आणि हरल्यावर चूक कोणाची झाली हे मला तत्क्षणी कळते का, एवढेच मी पाहतो. राजपुत्राचा उशीर ठरलेला आहे, म्हणून तो क्षम्य आहे. ‘गोल्डनआय’मध्ये पडद्यावर गर्दी झाली की उशीर कमीजास्त होतो, म्हणून तो चिडवतो. मारिओ या कसोटीवर इतका खरा उतरतो की त्याची उडी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावा. बटण जितका वेळ धरून ठेवाल तितकी उडी उंच जाते, हवेत दिशा थोडी वळवता येते, आणि धावण्याचा जोर उडीत उतरतो. शिवाय पहिल्याच लेव्हलमध्ये एकही शब्द न लिहिता सगळे शिकवले जाते. चौकटीतून निघालेले मश्रूम उजवीकडे जाते, पाइपला थडकते आणि उलट फिरून आपल्याच अंगावर येते, त्यामुळे ते घातक नाही हे घाबरणाऱ्यालाही नकळत समजते. हे सारे चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेले आहे. जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडपे यांना एकच आकृती वापरून फक्त रंग बदलला आहे, हे ज्यांनी अजून पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे.


फॉस्फर:

वरची कसोटी मला मान्य आहे. ती लावण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे आपण जो गेम जोखत आहोत तो मुळात तोच गेम उरला आहे का. जुन्या काचेच्या टीव्हीत सिग्नल जसजसा येई तसतशी ओळीमागून ओळ पडद्यावर उमटे. मध्ये साठवणूक जवळजवळ नव्हतीच. आजचा सपाट टीव्ही आलेले चित्र आधी साठवतो, ते मोठे करतो, त्याची सफाई करतो आणि मग दाखवतो. मारिओ सेकंदाला साठ चित्रे या गतीने चालतो, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचे. टीव्हीच्या सगळ्या सुधारणा चालू असतील तर यातली कित्येक चित्रे वाटेतच खर्ची पडतात, आणि कडेवरून मारलेली उडी खड्ड्यात जाते. पुष्कळ लोक इथेच ठरवून टाकतात की जुन्या गेमचे नियंत्रण वाईट होते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो लावल्याशिवाय कोणत्याही जुन्या गेमविषयी मत बनवू नये. इम्युलेटर वापरत असाल तर रेट्रोआर्च या प्रोग्राममध्ये ‘रन-अहेड’ नावाची सोय आहे. ती गेमचा स्वतःचा अंगभूत उशीरदेखील कमी करते.

हा उशीर किती निर्णायक असतो याचे टोकाचे उदाहरण म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीने पडद्यावरची बदके टिपण्याचा ‘डक हंट’. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, पाठोपाठ बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या तोंडातला प्रकाश ओळखणारा भाग तो उजेड शोधतो. कोणत्या क्षणी उजेड दिसला यावरच नेम लागला की चुकला हे ठरते. सपाट टीव्हीवर तो चौकोन उशिरा येतो, त्यामुळे मूळ बंदूक आणि मूळ कॅसेट जोडूनही एक बदक पडत नाही. गेममध्ये काही बिघडलेले नसते. तो ज्या काचेच्या भरवशावर उभा होता ती काच गेलेली असते.

आणखी एक गंमत वेगाची आहे. ज्या देशांत टीव्हीची पाल पद्धत होती तिथे सेकंदाला साठऐवजी पन्नास चित्रे दाखवली जात. त्या काळचे अनेक गेम चित्रांच्या मोजणीवरच चालत आणि ते या पद्धतीसाठी नीट जुळवून घेतले जात नसत. परिणामी तेच गेम तिथे सुमारे एक षष्ठांशाने संथ चालत आणि त्यांचे संगीतही रेंगाळे. अशा संथ आवृत्तीवर वाढलेल्या माणसाने आज साठच्या वेगाची आवृत्ती उतरवून घेतली तर त्याला गेम अकारण अवघड झाल्यासारखा वाटेल, आणि तो बिचारा वयाला दोष देत बसेल.

चित्रांबाबतही तसेच. १९९१ च्या ‘सॉनिक’मधले धबधबे आज उभ्या पट्ट्यांची जाळी दिसतात. सगळे चित्र एकाच तारेतून नेणाऱ्या जुन्या कॉम्पोझिट जोडणीत शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत आणि त्याच जाळीचे पारदर्शक पाणी होई. काढणाऱ्याने ते मिसळणे गृहीत धरलेले होते. तेव्हा काचेच्या पडद्याचा आभास देणारा शेडर (चित्रावर चढवायचा दृश्य-परिणाम) लावून पाहावा, आणि किमान चित्र ताणून रुंद तरी करू नये. जाडजूड मारिओ पाहून माझ्या डोळ्यांना त्रास होतो.


धुक्यातली वाट:

फॉस्फर यांनी काचेविषयी जे सांगितले ते मला यंत्राच्या इतर मर्यादांनाही लागू करावेसे वाटते. या मर्यादा दूर केल्या की गेम आपोआप चांगला होतो, हा समज बराच पसरलेला आहे आणि नव्या आवृत्त्या काढणाऱ्या कंपन्याही अनेकदा त्याच समजात वावरतात.

१९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले जोरात सरकू लागतात आणि शेवटचा तर पळतच सुटतो. तोमोहिरो निशिकाडो यांच्या त्या यंत्राला कमी आकृत्या काढायच्या असल्या की काम लवकर उरकत असे, म्हणून हा वेग वाढे. तो तसाच ठेवला गेला, आणि त्या गेममधली सगळी धडधड तिथूनच आली. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मधले धुकेही प्लेस्टेशनला दूरवरचे शहर काढणे झेपत नव्हते म्हणून घातलेले होते; ते नसते तर त्या गेममध्ये भ्यायला काय उरले असते, याची मला शंकाच आहे.

उलट बाजूचा दाखला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’चा आहे. २००४ च्या मूळ गेममध्ये दूरचे सगळे धूसर असे, त्यामुळे एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणे म्हणजे लांबचा प्रवास वाटे. २०२१ ची नवी आवृत्ती आली तेव्हा ती धूसरता काढून टाकलेली होती. उंचावर गेले की वाळवंट, डोंगर आणि तिन्ही शहरे एका नजरेत मावत, आणि सगळा प्रदेश खेळण्यातल्यासारखा दिसे. त्या आवृत्तीत इतर दोषही पुष्कळ होते आणि प्रकाशकाने त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली; वातावरणाचा मूळ नूर बऱ्याच अंशी परत आला तो २०२४ च्या सुधारणेत. ज्यांनी मूळ गेम खेळलेला नाही त्यांनी २०२१ ची पहिली आवृत्ती पाहून ‘सॅन अँड्रियास’ जुना झाला असे ठरवले असेल, तर तो त्या गेमवर अन्याय आहे.

सुधारणा नेहमी वाईटच असते असे मात्र मी म्हणणार नाही. १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये पाण्याच्या देवळात लोखंडी बूट घालण्या-काढण्यासाठी दर वेळी गेम थांबवून यादीत जावे लागे, आणि ते देवळभर करत राहावे लागे. २०११ च्या थ्रीडीएस या हातात धरायच्या यंत्रावरच्या आवृत्तीत ते बूट एका स्पर्शावर आणले गेले. त्याने कोणाचेही काही हिरावले गेले नाही.


मधली सुट्टी:

मला वरच्या सर्वांपेक्षा थोडे वेगळे म्हणायचे आहे. आपण गेमची परीक्षा घेत आहात, पण परीक्षकाकडे किती वेळ आहे याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

त्या काळातले बरेचसे गेम मुळात आखूड होते. ‘कॉन्ट्रा’ येत असेल तर अर्ध्या तासाच्या आत संपतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ तर आडवाटा धरून पाच मिनिटांच्याही आत संपवणारे लोक आहेत. एवढ्याशा गेमवर सुट्टीच्या सुट्टी निघे ती अवघडपणामुळे. खेळ संपला की पहिल्यापासून सुरुवात, हीच त्या गेमची लांबी होती. काही वेळा हे निव्वळ छळाच्या पातळीवर जाई. ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ संपवल्यावर तो सांगतो की हे सगळे मायाजाल होते, आता पुन्हा पहिल्यापासून खेळा. खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतरच दिसतो. याला मी तेव्हाही चांगले म्हटले नसते. पडद्यामागे गेम बनवणाऱ्यांनाही हा अवघडपणा जड जात असे. वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे-बी-ए हा प्रसिद्ध क्रम काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ‘ग्रॅडियस’मध्ये घातला, कारण तपासणीसाठी तो गेम खेळणे त्यांना स्वतःला कठीण जात होते. ‘कॉन्ट्रा’त त्याच क्रमाने तीस जीव मिळतात हे आपल्याला नंतर कळले.

आता मागे नेण्याच्या सोयीविषयी. ‘फायनल फँटसी ७’च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये गेम तिप्पट वेगाने चालवण्याची आणि वाटेतल्या लढाया बंद करण्याची सोय आहे. तिप्पट वेगाला माझी हरकत नाही, कारण तिथे वगळली जाते ती केवळ प्रतीक्षा. चुकलेली उडी मागे नेणे मात्र मला निराळे वाटते. ‘मेगा मॅन २’मधल्या त्या कुप्रसिद्ध गायब होणाऱ्या चौकटी घ्या. त्यांचा क्रम आणि ठेका चुकून चुकून अंगात भिनतो, आणि भिनला की ती जागा अवघड राहत नाही, नुसती मजेची होते. दर उडीला मागे जाणारा माणूस पलीकडे पोहोचतो, पण तो ठेका त्याच्या हाती कधीच लागत नाही. मग तो लिहितो की हा गेम आखूड आणि कंटाळवाणा आहे. लेव्हलच्या सुरुवातीला स्थिती साठवून ठेवावी, मधल्या उड्या मात्र मूळ गेम जशा मारायला लावतो तशाच माराव्यात, हा माझा मध्यममार्ग आहे. मारिओतही शेवटच्या जीवानंतर पहिल्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबले तर जिथे हरलो त्या वर्ल्डच्या सुरुवातीपासून खेळता येत असे, तेव्हा इतकी सवलत त्या काळच्या लोकांनाही मान्य होती असे समजायला हरकत नाही.

राहता राहिला वेळ. लहानपणी हाताशी गेम मोजकेच, म्हणून आवडो न आवडो, तोच पुन्हा पुन्हा खेळला जाई. आज एका यादीत शेकडो गेम असतात आणि पहिल्या कंटाळ्याला आपण दुसरा उघडतो. अशा रीतीने तपासलेला कोणताही गेम टिकणार नाही, मग तो नवा असो वा जुना. मी एका वेळी एकच गेम यंत्रात ठेवतो आणि त्याचा कंटाळा दोनदा येऊन जाईपर्यंत दुसरा भरत नाही. पहिला कंटाळा बहुधा आपल्या अपेक्षेचा असतो. गेम खरोखर सुमार असेल तर ते दुसऱ्या खेपेला कळते.


दुसरा खेळाडू:

आपणा सर्वांचे आभार. टीव्हीवर ‘गेम मोड’ लावून पाहिला आणि मारिओच्या उडीतला फरक पहिल्याच खड्ड्यावर जाणवला. ‘गोल्डनआय’ मात्र तरीही जमला नाही, तेव्हा त्याच्याबाबत चौकोनी ढग यांचे निदानच खरे मानतो. आता एक पुढचा प्रश्न. माझ्या भाचीला यातल्या कशाचीही आठवण असण्याचे कारण नाही. तिच्या हाती जुना गेम दिला आणि तो तिला आवडला, तर तो खऱ्या अर्थाने टिकला असे म्हणता येईल. तिच्यासाठी सुरुवात कुठून करावी?


चौकोनी ढग:

परीक्षा योग्य आहे, पण पहिलाच गेम ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ देऊ नका. नव्या खेळाडूंपैकी बरेच जण सुटलेले नाणे घ्यायला मागे वळतात, आणि त्या गेममध्ये पडदा डावीकडे सरकतच नाही. आपण ते नियम म्हणून स्वीकारले होते. आजच्या मुलाला तो बिघाड वाटतो आणि पुढचे सगळे त्याच संशयाने पाहिले जाते. १९८८ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मध्ये बहुतेक लेव्हलमध्ये मागे जाता येते, आणि १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये त्याखेरीज प्रगती साठवताही येते, म्हणून मी ‘वर्ल्ड’पासून सुरुवात करेन. ते अंगवळणी पडले की मगच मूळचा १९८५ चा द्यावा. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ देणार असाल तर सावध पाऊल टाकण्याचे बटण कोणते, एवढे एकच आधी सांगा, कारण गेम ते स्वतःहून शिकवत नाही आणि ते ठाऊक नसेल तर पहिल्याच मजल्यावरचे खिळे अन्यायाचे वाटतात. बाकी काही सांगू नये. विशेषतः गेम किती महान आहे हे तर अजिबात सांगू नये.